गेम अवघड असण्याच्या बाजूने

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमविषयी वृत्तपत्रांत जे लिहून येते, त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टींची चर्चा असते: मुलांना लागणारे वेड आणि या उद्योगाची उलाढाल. गेममध्ये खेळ म्हणून नेमके काय घडते, तो खेळणाऱ्याकडून काय मागतो आणि त्या बदल्यात काय देतो, याविषयी क्वचितच कोणी लिहिते. त्यामुळे ‘करमणुकीसाठी खेळायचे, तर मग ते इतके अवघड कशाला?’ हा प्रश्न आला की तो बिनतोड वाटतो आणि चर्चा तिथेच थांबते. मी गेली अनेक वर्षे गेम खेळत आले आहे. माझे म्हणणे असे आहे की गेममधली प्रामाणिक अडचण हा करमणुकीच्या वाटेतला अडथळा नाही. करमणूक तिच्यातूनच निर्माण होते आणि ती काढून घेतली की हाती उरते ते केवळ हलते चित्र.

माझाच एक अनुभव सांगते. २०१९ साली आलेल्या ‘सेकिरो’ या जपानी गेममध्ये काठिण्यपातळी निवडण्याची सोय नाही; जी आहे ती सर्वांना सारखीच. त्यात एका किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाचा योद्धा समोर उभा राहतो. या गेममध्ये तलवारीचा वार नुसता अडवत राहिले, तर हळूहळू आपलाच तोल ढासळत जातो. मात्र वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबले, तर मोठी ठिणगी उडते, खणकन वेगळा आवाज होतो आणि तोल प्रतिस्पर्ध्याचा ढळू लागतो. गेनिचिरो मध्येच उंच उडी घेऊन वरून घाव घालतो आणि लगेच पडद्यावर एक लाल अक्षर झळकते. ते धोक्याचे चिन्ह आहे, पण धोका कोणता हे ते सांगत नाही. पुढचा वार भोसकण्याचा असेल, तर मागे न हटता उलट पुढे पाऊल टाकून त्याची तलवार पायाखाली दाबायची असते. पायांवरून आडवा फिरणारा असेल, तर उडी मारायची असते. उत्तरांची अदलाबदल झाली की जबर मार बसतो, आणि विचार करायला मिळतो तो अर्धा क्षण.

सुमारे दोन आठवडे, रोज रात्री तासभर, मी त्याच्याकडून हरत होते. पहिला आठवडा मी त्या लाल अक्षराकडे पाहण्यात घालवला. पुढे कधीतरी ध्यानात आले की अक्षराकडे नव्हे, त्याच्या हातांकडे पाहायला हवे: भोसकण्याआधी तलवार मागे खेचली जाते, आडव्या वाराआधी अंग खाली झुकते. हे कळल्यानंतरही आणखी तीन-चार रात्री गेल्या, कारण डोळ्यांना कळलेले बोटांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दोनदा नमवल्यावर तो चिलखत उतरवून तिसऱ्यांदा उभा राहतो आणि वीज फेकतो. ती हवेत असताना अंगावर झेलायची आणि पाय जमिनीला टेकण्याआधी त्याच्यावरच उलटवायची. ज्या रात्री हे सारे जुळून आले, त्या रात्री मी कंट्रोलर खाली ठेवला तेव्हा माझे तळहात घामाने भिजले होते.

या दोन आठवड्यांत माझ्या पात्राची ताकद तसूभरही वाढली नव्हती आणि प्रतिस्पर्धी कणभरही दुबळा झाला नव्हता. बदलले होते ते माझे डोळे आणि माझी बोटे. आपल्या भाषेत यासाठी ‘हात बसणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. सुरी, ब्रश, तबला, टंकलेखन यांच्याबाबतीत आपण तो सहज वापरतो. गेमच्या बाबतीत वापरायला मात्र आपण का कचरतो, हे मला समजत नाही.

पडद्यावरचा खेळ अगदी सुरुवातीपासून याच गोष्टीवर उभा आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला, तेव्हा ५५ परग्रहवासी एकाच वेळी हलवताना यंत्राची दमछाक होत असे. एकेक मारला जाऊ लागला की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने सरकू लागत. हा यंत्राच्या मर्यादेतून आलेला परिणाम होता. निशिकादो यांनी तो दुरुस्त न करता तसाच राहू दिला, कारण त्यामुळे खेळात जीव आला. जसजसे जिंकत जावे तसतसा खेळ कठीण होत जातो, ही पुढे अंगवळणी पडलेली रीत रुजवण्यात या गेमचा मोठा वाटा आहे.

वरून पडणारे तुकडे रचून आडव्या ओळी भरायच्या ‘टेट्रिस’ची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोमध्ये रचलेल्या या खेळाची निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्रावरची आवृत्ती १९८९ मध्ये आली. तिच्यात २९व्या पातळीवर तुकडे इतक्या वेगाने कोसळतात की बटण दाबून धरले तरी तुकडा कडेपर्यंत पोहोचत नाही. कित्येक वर्षे सर्वांनी हीच माणसाची सीमा मानली होती. मग काहींनी बटण दाबून धरण्याऐवजी अतिशय भरभर टिचक्या मारण्याचे तंत्र कमावले. त्यानंतर अंगठा बटणावर नुसता टेकवून, कंट्रोलरच्या मागच्या बाजूवर बोटे एकामागून एक आपटण्याची युक्ती निघाली. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांचा एक मुलगा १५७व्या पातळीवर पोहोचला आणि तिथे गेमच गोठला. तिथवर कोणताही माणूस त्याआधी गेला नव्हता. गेम बाजारात आल्यानंतर ३४ वर्षांनी हे घडले. त्या अवधीत गेममध्ये काहीही बदलले नव्हते. २९वी पातळी कोणाला तरी फार कठीण वाटली म्हणून मधल्या काळात सैल केली गेली असती, तर ही दोन्ही तंत्रे कोणाला सुचलीच नसती.

मात्र प्रत्येक अडचण मोलाची असते, असे माझे म्हणणे नाही. अडचणीचीही एक नीती असते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्याच टप्प्यात एके ठिकाणी दोन जिन्यांमध्ये फट आहे, पण तिच्या तळाशी जमीन आहे, उडी चुकली तर आपण खाली पडतो, पुन्हा वर चढतो, नुकसान काहीच होत नाही. थोडे पुढे गेल्यावर तशाच दोन जिन्यांमध्ये तशीच फट येते आणि या वेळी खाली जमीन नसते. एक अक्षरही न लिहिता खेळणाऱ्याला आधी सराव दिला, मग परीक्षा घेतली. जो गेम हरवण्यापूर्वी शिकवतो आणि हरवल्यावर का हरलो ते दिसू देतो, त्याच्यावर रागावता येत नाही. २०१८ च्या ‘सेलेस्टे’मध्ये पात्र मेले की क्षणार्धात त्याच खोलीच्या तोंडाशी पुन्हा उभे राहते आणि मृत्यूंच्या संख्येचा अभिमान बाळगा, जितके मराल तितके शिकाल, असे गेम स्वतःच सांगतो. २०१० च्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये टप्पा पार पडल्यावर आपले सगळे फसलेले प्रयत्न यशस्वी प्रयत्नाबरोबर एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात: तीस-चाळीस प्रतिमा एकदम सुटतात, वाटेत एकेक गळत जाते आणि शेवटी एकच पलीकडे पोहोचते. शिकणे कसे घडते, याचे याहून सच्चे चित्र मी पाहिलेले नाही.

याउलट ज्या अडचणीचा हेतू शिकवणे नसून वसुली असतो, तिच्याविषयी माझ्या मनात कोणतीही सहानुभूती नाही. नाणे टाकून खेळायच्या जुन्या आर्केड यंत्रांत खेळणारा लवकर हरला की पुढचे नाणे पडत असे आणि काही गेम त्या हिशेबानेच निर्दय केलेले होते, हे मान्य केले पाहिजे. आज मोबाइलवर तो हिशेब फार बारकाईने मांडला जातो. माझा बारा वर्षांचा भाचा असाच एक कोड्यांचा गेम खेळत असे. सुरुवातीचे टप्पे भराभर सुटले, मग एक टप्पा सुटेना. पाच आयुष्ये संपली की एकतर ताटकळत बसायचे, नाहीतर पैसे भरायचे. मी शेजारी बसून पाहिले, तर कोणत्या रंगाचे तुकडे पडावेत हे सर्वस्वी नशिबावर होते. त्याच्या हातात चूक सुधारण्याजोगे काही नव्हतेच. चार दिवसांनी तो म्हणाला, “मावशी, मला जमत नाही असं नाही गं. त्यांना मला जमू द्यायचंच नाहीये.” मोठ्यांनाही चटकन न उमगणारा फरक त्याने अचूक ओळखला होता. पैसे भरून ओलांडता येणारी अडचण ही अडचण नसतेच. तो नाका असतो.

आता एका रास्त आक्षेपाकडे वळते, कारण त्यावर माझे स्वतःचे मत बदललेले आहे. ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे, ज्यांना कमी दिसते किंवा ऐकू येत नाही, त्यांनी काय करायचे? पूर्वी मीही ‘जमेल त्याने खेळावे’ असे म्हणून मोकळी होत असे, आणि ते चुकीचे होते. ‘सेलेस्टे’मध्ये ज्याला हवे त्याला वेग कमी करण्याची, दम न संपण्याची, अगदी अजिबात न मरण्याचीही सोय आहे, २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात अशा ६० हून अधिक सोयी दिल्या आहेत. या सोयींमुळे माझ्या वाट्याची चढण कमी झाली नाही. ज्याच्यासाठी सहज धावणे हीच मोठी चढण आहे, त्याला त्याच्या मापाची चढण मिळाली, इतकेच. आणि मदत घेण्यात लाज मानणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. ‘ग्रॅडियस’ हा गेम १९८६ साली घरच्या यंत्रावर आणताना कोनामी या जपानी कंपनीतले गेमकर्ते काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठीही तो खेळणे फार जड जाऊ लागले, म्हणून त्यांनी वाढीव शस्त्रे एकदम देणारा एक गुप्त बटणक्रम त्यात घातला. पुढे जगभर प्रसिद्ध झालेला ‘कोनामी कोड’ तो हाच. गेम करणाऱ्यालाच जिथे हात टेकावे लागले, तिथे खेळणाऱ्याने संकोच का बाळगावा?

माझा विरोध आहे तो न सांगता केलेल्या मदतीला. २००५ चा ‘रेसिडेंट इव्हिल ४’ हा मला अतिशय आवडलेला गेम, खेळणारा वारंवार मरू लागला की, गुपचूप शत्रूंचा जोर कमी करतो. हे मला फार उशिरा कळले आणि कळल्यावर वाईट वाटले, कारण ज्या झुंजी मी जिंकले असे समजत होते, त्यांपैकी कोणत्या खरोखर माझ्या होत्या हे आता मला कधीच कळणार नाही. मदत उघड असावी, मागितल्यावर मिळावी, आणि ती घ्यायची की नाही हे खेळणाऱ्याच्या हाती असावे. तसे असेल, तर गेमकर्त्यालाही मूळ रचना हवी तितकी कठीण ठेवण्याचे स्वातंत्र्य राहते.

संपादक महोदय, यासंबंधी दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीत चित्रपट व पुस्तकांप्रमाणे गेमचीही परीक्षणे यावीत आणि त्यांत चित्रांच्या देखणेपणाबरोबरच गेम कोणत्या प्रकारे अवघड आहे हेही नोंदवले जावे: तो हरवल्यावर काही शिकवतो की नुसतेच पाकीट उघडायला लावतो, पुन्हा प्रयत्न करायला किती वेळ खर्ची पडतो, मदतीच्या सोयी कोणत्या आहेत. पालकांना पाल्यासाठी गेम निवडताना वयोगटाच्या शिक्क्याइतकीच ही माहिती उपयोगी पडेल. दुसरी विनंती पालकांनाच आहे. मूल एखाद्या टप्प्यावर अडकून चिडचिड करू लागले की त्याच्या हातातला कंट्रोलर घेऊन ‘दे, मी करून देतो’ असे कृपया लगेच म्हणू नये. थोडा वेळ शेजारी बसून राहावे, आणि विचारायचेच असेल तर ‘आत्ता कशामुळे मेलास?’ एवढेच विचारावे.

भाच्याने तो कोड्यांचा गेम काढून टाकला. सध्या तो ‘सेलेस्टे’च्या तिसऱ्या प्रकरणात अडकला आहे. मदतीची सोय कुठे आहे ते मी त्याला दाखवून ठेवले आहे. ती सुरू करू का, असे विचारले की ‘थांब, अजून एकदा’ म्हणतो. मृत्यूंचा आकडा सातशेच्या पुढे गेला आहे आणि तो रोज रात्री मला फोन करून नवा आकडा कळवतो.

आपली,
एक वाचक