तोतऱ्या केनवर कोण हसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोरीवर बेतलेल्या विनोदी चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात ‘अ फिश कॉल्ड वांडा’ (१९८८) या चित्रपटाची बोळवण तोतरेपणाची टिंगल करणारा सिनेमा म्हणून एका वाक्यात केलेली आहे. मी स्वतः लहानपणापासून अडखळत बोलतो, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, मला हा शेरा घाईचा वाटतो.

लंडनमध्ये चौघे मिळून हिरे लुटतात खरे, पण लूट हाती येण्याआधीच जो तो दुसऱ्याचा काटा काढायच्या तयारीत असतो. वांडा आणि तिचा भाऊ म्हणून वावरणारा तिचा प्रियकर ऑटो हे दोघे म्होरक्या जॉर्जला पोलिसांच्या हवाली करतात. जॉर्जने मात्र माल अगोदरच दुसरीकडे हलवलेला असतो. ऑटो तिजोरी उघडत असताना त्याच्या पाठीमागे वांडा त्याच्याही डोक्यात घालायला लोखंड उगारून उभी असते, आणि तिजोरी रिकामी निघते एवढ्यामुळेच तो बचावतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या चार्ल्स क्रायटन यांचे हे दिग्दर्शन आहे. सोन्याच्या चोरीवरचा विनोदी चित्रपट त्यांनी १९५१ सालीच केलेला होता, त्यामुळे फसवणुकीचा एकेक टाका कसा घट्ट घालायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या टोळीत धन्याशी शेवटपर्यंत इमान राखणारा एकटा केन आहे, आणि तोच तोतरा आहे. त्याच्या बोलण्याची नक्कल करतो तो ऑटो. हा गृहस्थ नीत्शे हा जर्मन तत्त्वज्ञ वाचतो, त्यातले त्याला काही कळत नाही, आणि कोणी मूर्ख म्हटले की त्याचे माथे भडकते. केनला खुर्चीला बांधून, त्याच्या नाकपुड्यांत बटाट्याचे तळलेले काप खुपसून, त्याने जिवापाड जपलेले मासे ऑटो त्याच्यादेखत एकेक करून गिळतो, तेव्हा आपली सहानुभूती कोणाकडे असते हे सांगण्याची गरज नाही. पुढे जॉर्जचा वकील आर्ची हिरे ज्या हॉटेलात ठेवले आहेत त्याचे नाव केनकडून काढून घेऊ पाहतो. त्या प्रसंगात वेळ निघून चाललेली असताना आपण मुळीच घाईत नाही असे दाखवण्याची आर्चीची जी धडपड चालते, ती मला फार ओळखीची आहे. समोरच्याचा तो समजूतदार, ताणलेला चेहरा आम्ही रोज पाहतो. इथे मी पोट धरून हसलो, आणि हसलो ते आर्चीला. केनची भूमिका करणारे मायकेल पेलिन यांचे वडील अडखळत बोलत असत, आणि अशा मुलांसाठी लंडनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या केंद्राला पेलिन यांचेच नाव दिलेले आहे, याचाही उल्लेख लेखात हवा होता.

चित्रपट निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. शेवटी केन रोडरोलर घेऊन ऑटोच्या अंगावर जातो आणि त्या सूडापाठोपाठ त्याचा तोतरेपणा एकाएकी पळून जातो. मनातली भीती किंवा राग गेला की जीभ मोकळी होते, हा समज आमच्या नातेवाइकांनी आम्हाला कितीदा तरी ऐकवलेला आहे, आणि तो साफ खोटा आहे. लेखकाला आक्षेप घ्यायचाच होता, तर तो या दृश्यावर घ्यायला हवा होता.

आपला,
एक वाचक, सांगली