त्या निळ्या भिंतीबद्दल

प्रिय चिऊ,

परवा तू मला लॅपटॉपसमोर बसवून तुझ्या लाडक्या ग्रुपमधल्या त्या दोघांचं 'प्रकरण' समजावून सांगितलंस. एकाच्या मनगटात जे ब्रेसलेट, तेच दुसऱ्याच्या. मुलाखतीत एक बोलत असताना दुसरा त्याच्याकडे बघतो, ते तू घड्याळ लावून मोजलेले चार सेकंद. दोन वेगळ्या दिवशीचे दोन फोटो, आणि दोन्हींत मागे तीच निळी भिंत. वकिलाने मांडावा तसा खटला मांडलास, मला कौतुकच वाटलं. मग मी सहज विचारलं, "आणि त्या दोघांनीच सांगितलं की असं काही नाही, तर?" तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "तसं म्हणायला त्यांना सांभाळणाऱ्या कंपनीने लावलं असणार."

तेव्हा मी गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. समोरासमोर बोलले असते तर 'आई, तुला नाही कळणार' म्हणून दोन मिनिटांत उठली असतीस.

कळतं गं मला. माझ्याकडे ॲबा या स्वीडिश बँडची कॅसेट होती, झिजेपर्यंत ऐकलेली. 'द विनर टेक्स इट ऑल' हे त्यांचं गाणं १९८० सालचं. शब्द बँडमधल्या ब्यर्नचे, आवाज त्याची बायको अग्नेथाचा, आणि त्या दोघांचा संसार त्याच सुमारास मोडलेला. आम्ही मैत्रिणींनी ठरवूनच टाकलं होतं की या दुष्टाने बायकोला टाकलं आणि वर तिच्याच गळ्यातून ते गाऊन घेतलं. कितीतरी वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. पुढे कधीतरी त्याचं म्हणणं वाचनात आलं: घटस्फोटाचा अनुभव मनात होता हे खरं, पण गाण्यातली गोष्ट रचलेली, आमच्यात कुणी जिंकलंही नाही आणि हरलंही नाही. ते वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'असंच म्हणणार तो!' तुझीच आई मी.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं तर याहून पुढचं. १९६९ साली बोभाटा झाला की तो केव्हाच मेला आणि त्याच्या जागी तोतया उभा केलाय. पुरावा काय, तर 'ॲबी रोड' या त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो अनवाणी चालतोय. शेवटी लाइफ मासिकाने त्याला स्कॉटलंडमधल्या शेतावर गाठून बायकामुलांसह फोटो छापला. माणूस जिवंत समोर उभा, तरी काहींचं समाधान झालं नाही. तोतयाही असाच हसणार ना!

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. बाबांची दोन वर्षं दुसऱ्या गावी बदली झाली होती. लोकांनी आमचं फाटल्याचं ठरवून टाकलं. मी हसले की 'बघा कशी दाखवत नाही', गप्प राहिले की 'बिचारी'. एकीला मी स्पष्ट सांगितलं की बाई, सगळं ठीक आहे. तिने माझा हात दाबला आणि डोळ्यांत पाणी आणलं! त्या दिवशी मला कळलं की आता माझ्या कुठल्याच शब्दाला किंमत उरलेली नाही. खरं सांगू, तेव्हा मी बाबांशी फोनवर चारचौघांत बोलणंच बंद केलं.

म्हणूनच झेन मलिक २०१५ मध्ये जे बोलला ते मला लागलं. वन डायरेक्शन या बँडमधल्या त्याच्या साथीदारांची, हॅरी आणि लुई यांची जोडी चाहत्यांनी मनाने लावून दिली होती. लुईने ते उघडपणे झिडकारलं, तरी थांबलं नाही. झेनचं म्हणणं असं की त्या दोघांना हे सोसणं जड जायचं, एकमेकांच्या खांद्यावर सहज हात टाकायलाही ते बिचकायचे. आता गंमत बघ. हात टाकला तर पुरावा, आणि नाही टाकला तर 'कंपनीने लांब ठेवलंय' हाही पुरावाच. दोघा मित्रांनी उभं तरी कसं राहायचं?

तुझा कंपनीवरचा संशय मात्र अगदीच हवेतला नाही. बीटल्सच्याच जॉन लेननने ऑगस्ट १९६२ मध्ये लग्न केलं आणि त्यांच्या मॅनेजरला ते लपवून ठेवायचं होतं, चाहत्या मुली दुरावतील म्हणून. लपवाछपवी होते. पण कुणापासून, याचा विचार कर. लाडक्या गायकांचे मेसेज येतात त्या तुझ्या बबल ॲपवरही तेच. 'जेवलीस का, चिऊ?' असा तुला आलेला मेसेज एकच असतो, तो एकाच वेळी हजारोंना जातो, प्रत्येकीला आपापल्या नावाने. पैसे भरून घेतलेला जिव्हाळा आहे तो. तो मुलगा लबाड आहे असं मी म्हणत नाही, त्याला खरंच तुमची आठवण येतही असेल. पण तो 'आपला' आहे, मोकळा आहे, हे वाटणं विकायलाच ठेवलेलं असतं. म्हणून तर २०२४ मध्ये एस्पा या कोरियन ग्रुपमधल्या करिनाचं एका अभिनेत्याशी जमल्याची बातमी फुटली तेव्हा चाहत्यांनी कंपनीच्या दारात ट्रक उभा केला. चाहत्यांचं प्रेम तुला पुरेसं नाही का, असं त्याच्या पडद्यावर विचारत होते. त्या मुलीने स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिहिलं. कशाची माफी, चिऊ? कुणीतरी आवडलं याची? ते पत्र पाहिल्यापासून मला तुझं वय आणि तिचं वय सारखं आठवत राहतं. पाचेक आठवड्यांत ते दोघे वेगळे झाल्याचीही बातमी आली, तीही सगळ्या जगाला सांगून.

गाणी ऐक, नाच, रात्रभर जाग, मी काही म्हणणार नाही. पुढच्या वेळी भेटलीस की त्या नव्या गाण्यात मध्येच ताल बदलतो ती जागा मला परत ऐकव. परवा तू ब्रेसलेटपाशी थांबवलंस आणि गाणं राहूनच गेलं.

तुझी,
आई

ता. क. ती निळी भिंत मी काल रात्री पुन्हा मोठी करून पाहिली. हॉटेलचा जिना असावा, कोपऱ्यात कठड्यासारखं काहीतरी दिसतंय. बाबा म्हणाले, "झोप आता."