ओट्याची उंची आईला विचारणाऱ्या सुतारमामांना

आदरणीय मामा,
स. न. वि. वि.

राजारामपुरीतील आमच्या छोट्याशा वन बीएचके घराची तुम्ही नव्याने मांडणी करून दिलीत, त्याबद्दल आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणत विषयच बदललात, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्या आधी आलेल्या मंडळींनी मोबाईलवर देखणी चित्रे दाखवली, फॉल्स सीलिंगचे प्रकार समजावले, आगाऊ रक्कमही घेतली. मात्र या घरात स्वयंपाक कोण करते, हे एकदाही विचारले नाही. हॉल मोठा दिसावा म्हणून जी भिंत पाडायचा त्यांचा आग्रह होता तिच्यात इमारतीचा कॉलम आहे आणि त्याला हात लावायचा नसतो, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळले.

तुम्ही आलात ते थेट स्वयंपाकघरात. आईची उंची जेमतेम पावणेपाच फूट आणि ओटा ३४ इंचांचा, त्यामुळे भाकरी थापताना तिचे खांदे वर चढत आणि रात्रभर ठणकत. तुम्ही दोन बुटक्या स्टुलांवर फळी टाकलीत, तिच्यावर परात ठेवून आईला पीठ मळायला सांगितलेत आणि तिचे खांदे सैल होईपर्यंत फळीखाली लाकडाचे तुकडे सारत राहिलात. ‘आता बरं वाटतंय’ असे ती म्हणाली तेव्हा कुठे भिंतीवर पेन्सिलीची रेघ उमटली: ३० इंच. ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावा, हा हिशेब तुम्हाला तोंडपाठ असणारच. तरीही तुम्ही तिच्या उत्तराची वाट पाहिलीत, आणि मामा, आम्हाला तेच विसरता येत नाही.

अडीच फुटी दार उघडताना जवळजवळ ५ चौरस फूट जागा अडवते म्हणून तुम्ही ते सरकते केलेत, फ्रिज कोपऱ्यात नेऊन ३ फुटांची वाट मोकळी केलीत, त्यामुळे रविवारी तांबडा-पांढरा रस्सा करताना आई आणि माझी पत्नी एकमेकींना न अडवता वावरतात. राबणाऱ्याला विचारून काम करण्याची ही रीत कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेली नसते, आणि ज्यांच्याकडे ती असते त्यांना तिचे अप्रूपही नसते.

सिंकखालच्या कपाटाच्या बिजागऱ्यांचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. ते कृपया कळवावेत.

आपला कृपाभिलाषी,
राजारामपुरीतील एक रहिवासी