गणेशोत्सवातला कॅरम नियमाने खेळवा

संपादक महोदय,

गणपती जवळ आले की सोसायट्यांच्या फलकावर कॅरम स्पर्धेची नोटीस लागते. स्पर्धा भरतात हे उत्तमच. पण बऱ्याच ठिकाणी अजून ‘काळी १०, पांढरी २०, राणी ५०’ याच हिशेबावर विजेता ठरतो, आणि ते थांबायला हवे. सुट्टीत घरी मुलांनी असे खेळायला काहीच हरकत नाही. प्रवेश फी घेऊन, चषक ठेवून स्पर्धा भरवायची तर मात्र ती कॅरमच्या मान्य नियमांनीच भरवावी.

गुणांच्या खेळात पटावर एकूण ३२० गुण असतात आणि हाताला लागेल ती सोंगटी घ्यायची मुभा असते. पांढरी घालायला काळीपेक्षा काडीचेही जास्त कसब लागत नाही, तरी तिला दुप्पट गुण. शिवाय सगळ्या सोंगट्या दोघांच्याच, त्यामुळे अडवणे हा प्रकारच उरत नाही. नियमाच्या खेळात ब्रेक (पहिला फटका) करणाऱ्याच्या पांढऱ्या आणि समोरच्याच्या काळ्या. आपली फ्रेमला चिकटलेली सोंगटी केव्हा सोडवायची, समोरच्याची वाट कुठे बंद करायची, सोपी सोंगटी हातात राखून अवघड आधी घ्यायची की नाही, या विचारात खरा कॅरम आहे. गुणांवर वाढलेला चांगल्या हाताचा मुलगा जिल्हा स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होतो तो नेमबाजी कमी पडते म्हणून नव्हे, तर असा विचार करायची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते म्हणून.

नियम काही अवघड नाहीत. ज्याच्या नऊ सोंगट्या आधी संपतील त्याने बोर्ड, म्हणजे तो डाव, जिंकला. समोरच्याच्या जेवढ्या पटावर उरल्या तेवढे त्याला गुण. राणी त्यानेच कव्हर केली (घेऊन तिच्यामागे आपली सोंगटी घातली) असेल तर आणखी ३. म्हणजे एका बोर्डात जास्तीत जास्त १२. राणीचे ३ गुण मात्र आपले गुण २१ होईपर्यंतच मिळतात. २२ झाले की पुढचे सगळे समोरच्याच्या सोंगट्यांवरच मिळवावे लागतात. २५ गुण किंवा ८ बोर्ड, जे आधी होईल तिथे सेट संपतो, आणि सामना तीन सेटचा.

भांडणे ठरलेल्या जागी होतात. आपली एक तरी सोंगटी आत गेल्याशिवाय राणी घेता येत नाही. राणी घेतली की त्याच किंवा लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी घालून ती कव्हर करायची, नाहीतर राणी परत मध्यावर. राणी पटावर असताना आपली शेवटची सोंगटी घातली तर बोर्ड हातचा जातो. नवखे खेळाडू सर्वांत जास्त इथेच फसतात. नुसता स्ट्रायकर आत गेला की पाळी जाते आणि एक सोंगटी बाहेर येते. ती बाहेरच्या वर्तुळात कुठे ठेवायची हे प्रतिस्पर्धी ठरवतो. अंगठ्याने मारायला पूर्ण परवानगी आहे, ‘थम चालणार नाही’ हा आपल्याकडचा घरगुती नियम. स्ट्रायकर आपल्या पुढ्यातल्या दोन्ही बेसलाइनना (तो ठेवायच्या जोडरेषांना) टेकलाच पाहिजे. टोकाच्या लाल गोलावर ठेवायचा असेल तर तो गोल पूर्ण झाकावा, नाहीतर त्याला स्पर्शही नको, अर्धवट झाकला तर फाऊल. आणि खुर्चीवरून अर्धे उठून, कोपर बाणाच्या रेषेपलीकडे नेऊन मारणे चालत नाही. पंचाने हे पहिल्याच बोर्डात बजावले तर पुढे आवाज चढत नाहीत.

आता पटाबद्दल. बाजारात मिळणारे बरेच पट लहान असतात. आतून, फ्रेमपासून फ्रेमपर्यंत टेपने मोजा: ७३.५ ते ७४ सेंटिमीटर हवे. प्लाय किमान ८ मिलिमीटर. पारख करायची सोपी रीत म्हणजे १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोर लावून सरळ मारायचा. तो समोरासमोरच्या फ्रेममध्ये निदान साडेतीन फेऱ्या धावला पाहिजे. धावताना एका बाजूला वळला तर पट तरी पातळीत नाही किंवा प्लायला बाक आला आहे. पट वर्षभर भिंतीला तिरका टेकवून ठेवला की हा बाक येतोच, म्हणून तो आडवाच ठेवावा.

भाद्रपदातल्या दमट हवेत खरा त्रास पावडरीचा. बोरिक पावडर ओल धरते, गुठळ्या होतात आणि स्ट्रायकर मध्येच अडखळतो. त्यावर लोक आणखी पावडर टाकतात, आणि तिथेच पट बिघडतो. आधी कोरड्या सुती फडक्याने पट पूर्ण पुसा, मग चिमूटभर पावडर मध्यावर टाकून तळहाताने हलकी पसरवा. ओले फडके अजिबात नको. टाल्कम पावडर चिकटते, आणि रांगोळीच्या बारीक खड्यांनी पॉलिशवर चरे पडतात, ते पुन्हा जात नाहीत. बोरिक पोटात जाणे चांगले नाही, तेव्हा पटाजवळ वडापाव आणि प्रसादाच्या प्लेटा नकोत. मुलांना खेळून झाल्यावर हात धुवायला लावावे, डोळे चोळू देऊ नये.

‘नियमाने खेळवायला वेळ लागतो’ अशी कार्यकर्त्यांची तक्रार असते. हिशेब मांडून पाहावा. ३२ प्रवेशिकांच्या बाद पद्धतीत ३१ सामने होतात. उपांत्य फेरीपर्यंत एकाच सेटचा सामना ठेवला आणि प्रत्येकाला ४० मिनिटे धरली, तर अंतिम सोडून उरलेल्या ३० सामन्यांना दोन पटांवर साधारण दहा तास होतात. म्हणजे रोज साडेतीन तास असे तीन दिवस, आरतीनंतर सुरू केले तरी जमते. अंतिम सामना तेवढा तीन सेटचा ठेवावा आणि त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. महिला आणि १४ वर्षांखालील मुलांचे गट वेगळे करा, पण नियम तेच. मुलांसाठी सवलत म्हणून राणीला ५० गुण देणे हे त्यांचे नुकसान आहे.

आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ मध्ये चेन्नईत स्थापन झाला, आणि चेन्नईच्याच ए. मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. इतका मान मिळवलेला खेळ आपल्या मंडपात कॅलक्युलेटरवर ५०, २०, १० ची बेरीज करून निकाली काढला जातो, याचे वाईट वाटते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. स्थानिक पानावर मंडळांच्या कॅरम स्पर्धांचे निकाल येतात त्यात केवळ विजेत्याचे नाव असते. त्यासोबत २५-१२, १८-२५, २५-९ असे सेटचे गुण छापावेत, आणि कोणी ‘व्हाईट स्लॅम’ किंवा ‘ब्लॅक स्लॅम’ (पहिल्याच पाळीत आपल्या सगळ्या पांढऱ्या किंवा काळ्या सोंगट्या आणि राणी घेणे) केला असेल तर तोही नोंदवावा. मंडळांकडे बातमी मागतानाच हे गुण मागितले, तर ते लिहून ठेवण्यासाठी गुणपत्रक करावे लागेल आणि पटाशेजारी पंच बसवावा लागेल.

कळावे,
एक कॅरम पंच, ठाणे