ताज महाल नावाचा ब्लूजवाला

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं ते लोकसंगीत, वाजवणाऱ्यानं ब्लूजच वाजवावा, देशोदेशीची वाद्यं गोळा करत फिरलं की काहीच धड राहत नाही, असं तू लिहिलंस. फ्यूजनच्या नावाखाली जे कानावर येतं ते ऐकून माझंही मत तसंच झालं असतं, पण ताज महाल हा अमेरिकन ब्लूजवाला आडवा आला!

त्याचं खरं नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स. जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. वाढला मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. गांधीजी आणि भारत स्वप्नात यायचे, त्यातून हे नाव घेतलं असं तो सांगतो. वडील कॅरिबियन मुळाचे जॅझ पियानोवादक, आई साउथ कॅरोलिनाची, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारी. घरात शॉर्टवेव्ह रेडिओ, त्यावर कुठकुठलं संगीत लागायचं. हा ११ वर्षांचा असताना ट्रॅक्टरखाली सापडून वडील गेले. पुढे सावत्र वडिलांची गिटार हाती आली आणि नॉर्थ कॅरोलिनाहून शेजारी राहायला आलेल्या एका मुलानं ती वाजवायला शिकवली. म्हणजे ज्याला तू बाहेरचं म्हणतोस, त्यातलं कितीतरी त्याच्या घरातच होतं.

विद्यापीठात तो पशुसंवर्धन शिकला, गाईंच्या फार्मवर राबला. शेतीच करावी असंही मनात होतं. पण १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि राय कूडर या गिटारवादकाबरोबर ‘रायझिंग सन्स’ हा बँड काढला. गोरे-काळे एकत्र असलेला बँड तेव्हा विरळाच. त्यांचं रेकॉर्डिंग कंपनीनं तसंच ठेवून दिलं, ते अल्बम म्हणून बाहेर यायला १९९२ उजाडलं. दरम्यान १९६८ पासून ताजचे स्वतःचे अल्बम येऊ लागले होते. १९७१ मध्ये तर त्यानं मंचावर चार ट्यूबा उभे केले. ब्लूजमागे ती अगडबंब पितळी वाद्यं घुमतात ना, तेव्हा छातीत धडधडतं रे!

पण मला तुला सांगायचंय ते ‘कुलांजान’बद्दल. १९९९ चा हा अल्बम. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा तुमानी जाबाते आणि त्याचे साथीदार यांच्यासोबत केलेला. तुमानी कोरा वाजवायचा: मोठ्या भोपळ्याचं, २१ तारांचं वाद्य, दोन अंगठे आणि दोन तर्जनी एवढ्यांवरच चालणारं. अंगठ्यांनी खर्ज धरायचा, तर्जनींनी वर नक्षी काढायची. आता गिटार वाजवताना तुझा स्वतःचा उजवा हात बघ. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि बोटं वर सूर काढतात, हेच ना? म्हणून ते दोघं वाजवायला लागले की कुणी कुणासाठी सरकून जागा करतंय असं वाटतच नाही. त्यातली रामातू जाकिते ही मालीच्याच वासुलू भागातली गायिका. तिकडचं संगीत पाच स्वरांचं, ब्लूजचा गाभाही पाच स्वरांचा. धानी राग ऐकलेल्या आपल्या कानांना ते स्वर लगेच ओळखीचे वाटतात. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांबरोबर जे समुद्रापार गेलं, ते ताजनं पुन्हा त्याच्या भावंडांशेजारी नेऊन बसवलं. मालीच्या त्या वादकांच्या सहवासात त्यानं दादी कुयाते हे नावही घेतलं. कुयाते हे तिथल्या पिढीजात गायक-वादकांचं घराणं. याला गोळा करणं म्हणायचं का, तूच सांग.

१९८० च्या दशकात तो हवाई बेटांवर राहिला, तिथल्या वादकांना घेऊन बँड केला. आपल्याकडच्या स्लाइड गिटारचं, म्हणजे तारांवर पट्टी सरकवून वाजवायच्या गिटारचं, मूळही हवाईचंच. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा चढवून मोहनवीणा घडवली, तीही त्याच वाटेवरची. राय कूडरनं १९९३ मध्ये त्यांच्याबरोबर अल्बम केला, आणि १९९५ मध्ये ताजनं भट्ट आणि चित्रवीणावादक रविकिरण यांच्यासह ‘मुमताज महल’. खरं सांगू? मला तो ‘कुलांजान’इतका एकजीव वाटत नाही. मींड मात्र अशी लागते की ताजचा खरखरीत आवाज तिला टेकून बसतो.

२०२२ मध्ये ताज आणि कूडर हे दोघं जुने सोबती पुन्हा एकत्र आले आणि निव्वळ पारंपरिक ब्लूज वाजवला. त्याला ग्रॅमीही मिळालं. इतकं फिरूनही मूळ बाज जरासुद्धा ढळलेला नाही.

आधी ‘कुलांजान’ ऐक, ‘मुमताज महल’ नंतर. वहिनींनाही ऐकव, त्यांचा कान तुझ्यापेक्षा तयार आहे. आणि मत बदललं नाही तरी सविस्तर लिही, मला भांडायचंय.

तुझा,
विनय