शमूस, नकाशाबद्दल

प्रिय शमू,

सव्वा वर्षात तुला एक ओळ नाही लिहिली. फोनवरचं बोलणं मी धरतच नाही. माझी तब्येत बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, डॉक्टर चालायला सांगतात, मी चालते. झालं. आता ज्यासाठी बसले आहे ते.

महिनाभर मी ओवीला रात्री ज्यूल व्हर्न वाचून दाखवते आहे. तेच पुस्तक, दोन वर्षं बेटावर अडकलेल्या मुलांचं. ऑकलंडच्या शाळेतली मुलं आणि बोटीवरचा पोऱ्या मोको, मिळून पंधरा जण. तू ते अर्ध्यात माझ्या अंगावर फेकलं होतंस, ‘पंधरांत एकही मुलगी नाही’ म्हणून. अगं, पुढे केट येते! जरा कळ काढली असतीस तर भेटली असती. आणि काय बाई आहे!

पण तू न वाचलेल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. बेटावर दरोडेखोर उतरलेत आणि ते नेमके कुठे आहेत ते पाहायला मुलं एक अजस्र पतंग बांधतात. खाली टोपली, तिच्यात माणूस बसेल अशी. रात्रीच्या अंधारात त्यात बसून वर कोण जाणार? मोठ्या मुलांपैकी एक ब्रियां, त्याचा धाकटा भाऊ जाक पुढे होतो. मी जाणार, म्हणतो, कारण बोटीचा दोर मीच सोडला होता. गंमत म्हणून. सगळी मुलं झोपलेली असताना बोट समुद्रात गेली ती त्याच्यामुळे. दीड वर्षाहून जास्त काळ हे पोर ते पोटात घेऊन वावरत होतं. हसत नव्हतं, खेळत नव्हतं, जिवावरची कामं मागून घेत होतं. भाऊ आणि मोको यांच्याखेरीज कुणालाच कारण ठाऊक नव्हतं.

मी तिथेच थांबले. पुढचं वाक्य तोंडातून फुटेना. ओवीने पांघरुणातून डोकं बाहेर काढून विचारलं, “मावशी, त्याने आधीच का नाही सांगितलं?”

शमू, ‘ट्रेझर आयलंड’मधला नकाशा मी फाडला होता.

पुस्तक वाचनालयातलं, तुझ्या कार्डावर होतं, पण मधली एक रात्र ते माझ्याकडे होतं. भाऊंच्या दाढीच्या पात्याने मी शिवणीलगत पान कापलं, इतकं हलक्या हाताने की उरलेली पट्टी बोटाला लागल्याशिवाय कळू नये. वाचनालयातल्या बाईंच्या बोटाला ती लागली. तुझं कार्ड वर्षभर कपाटात बंद झालं. जिना उतरताना मी तुला म्हणाले, “आधीच कुणीतरी फाडलं असेल.” तू म्हणालीस, “असेल.”

ते ‘असेल’ मला आजवर सोडत नाही. तुला कळलं होतं का? कळलंच असणार, तू काही खुळी नव्हतीस. मग बाईंना माझं नाव का सांगितलं नाहीस? त्या वर्षी आपण ‘टॉम ब्राउन’ वाचत होतो, त्या शाळकरी पोराची गोष्ट. घोड्यांच्या शर्यतीवरच्या लॉटरीत टॉमला हार्कअवे या घोड्याची चिठ्ठी लागते, तो ती विकत नाही म्हणून फ्लॅशमन हा दांडगट मोठा मुलगा त्याला शेकोटीपुढे धरून भाजतो, आणि नंतर टॉम कुणाचंही नाव घेत नाही. त्यावर तू दोन दिवस भांडली होतीस माझ्याशी. म्हणे, नाव न सांगणं हा मूर्खपणा आहे, उद्या तो दुसऱ्याला भाजेल. आणि मग स्वतःची वेळ आली तेव्हा तू टॉमसारखीच वागलीस. वर्षभर माझ्या कार्डावर आणलेली पुस्तकं माझ्या शेजारी बसून वाचलीस, नेहमीसारखी घाईघाईने पानं उलटत. मला ‘थांब गं’ म्हणायचाही धीर होत नव्हता.

नकाशा अजून माझ्याकडे आहे. जुन्या ॲटलासमध्ये, कडा पिवळ्या पडलेल्या. फुल्या तीन: दोन उत्तरेला, एक नैर्ऋत्येला. ती नैर्ऋत्येची फुली तू बोटाने दाबून म्हणायचीस, तो चाचा सिल्व्हर इथे आधी पोचायला हवा होता. तो दगाबाज आहे हे मी कितीदा सांगितलं! सफरचंदांच्या पिंपात लपून त्या पोराने, जिमने, त्याचा सगळा कट ऐकलेला असूनही तू त्याच्याच बाजूने. त्या मुद्द्यावर मी आजही माघार घेणार नाही.

त्या नकाशाची मूळ हकिकत मला फार उशिरा कळली. १८८१ साली स्कॉटलंडमध्ये ब्रेमारला पाऊस थांबत नव्हता, तेव्हा ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनने सावत्र मुलाबरोबर बसून एका बेटाचं चित्र रंगवलं आणि त्यातून गोष्ट निघाली. आधी नकाशा, मग गोष्ट. पुढे पुस्तक निघताना मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवला तो पोचलाच नाही. मग त्याला स्वतःचंच पुस्तक उघडून, त्यातलं एकेक वर्णन मोजून नकाशा नव्याने करावा लागला. त्याच्या वडिलांनी त्यावर गोष्टीतल्या चाच्याची, कॅप्टन फ्लिंटची, सही ठोकली. पण हा नवा नकाशा त्याला कधीच ‘ते’ बेट वाटला नाही. हे वाचलं त्या दिवशीच तुला पत्र लिहायला घेतलं होतं. चार ओळी लिहून ठेवून दिलं.

तुझी बदली झाली म्हणे. नवं घर लागलं का? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे विजूकडून कळलं. मन्याला आशीर्वाद. तो आता पुस्तकं वाचतो की नाही?

मला तुझ्याकडून माफीचं पत्र नको आहे. ओवीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तिला अजून दिलेलं नाही. त्याआधी तुला सांगायचं होतं. जाकची कबुली तिला वाचून दाखवली, ती रडली आणि मग विचारलं की टोपलीत शेवटी कोण बसलं. ब्रियां बसला. भावाला त्याने जाऊ दिलं नाही.

नकाशा मी पोस्टाने पाठवणार नाही. एकदा हरवला आहे तो. येत्या रविवारी घरी आहेस का, ते कळव. ओवीलाही आणते.

तुझी,
नंदा