ब्लीचमध्ये व्हिनेगर घालायला सांगू नका हो

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरगुती टिप्सची जी चौकट असते त्यात छापलंय की पांढरे कपडे कळकट झाले असतील तर अर्धी बादली पाण्यात दोन झाकणं ब्लीच आणि एक वाटी व्हिनेगर घालून रात्रभर भिजत ठेवा. मी ते वाचलं आणि चहा तसाच ठेवून आधी दोन फोन केले, एक जाऊबाईंना आणि एक आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना, कारण दोघीही पेपरात आलं म्हणजे खरंच असणार या मताच्या आणि दोघींकडे ब्लीचची बाटली कायम असते.

बाटलीतलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात काहीही आंबट पडलं, व्हिनेगर असो, लिंबू असो नाहीतर संडासात टाकतो ते अॅसिड, की क्लोरीन गॅस सुटतो. मला हे पुस्तकातून नाही कळलं. दोन वर्षांपूर्वी मावशींनी संडासात अॅसिडवालं लिक्विड टाकलं, डाग निघेना म्हणून वरून ब्लीच ओतलं, दार लोटलेलं, खिडकी म्हणजे हातभर झरोका, आणि पाच मिनिटात त्या डोळे चोळत खोकत बाहेर आल्या त्या बाल्कनीत जाऊनच बसल्या. डॉक्टरकडे नेलं, दोन-तीन दिवस घसा बसलेला होता. चूक माझीच, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी मीच ठेवलेल्या आणि एका शब्दाने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता एक मोरीत आणि एक वर माळ्यावर असते.

पण लोक असले उद्योग का करतात हे मला कळतं, कारण मीही सगळं करून बसलेय. माझं माहेर दादरचं. तिथे नळाला भातसा-वैतरणेचं पाणी, हलकं, चिमूटभर पावडर टाकली तरी बादलीभर फेस. लग्नानंतर पुण्यात आलो तेव्हाही काही वाटलं नाही, पण वाघोलीला फ्लॅट घेतला आणि बोअर अन टँकरचं पाणी सुरू झालं तसे सहा महिन्यात यांचे पांढरे शर्ट राखाडी, टॉवेल पापडासारखे कडक, आणि मी पावडर वाढवतेय, एकाचे दोन चमचे, दोनाचे तीन, मग महागातली घेतली, मग लिक्विड घेतलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून कपड्यांचं कंडिशनर. कंडिशनरने टॉवेल मऊ झाले हे खरं पण अंग पुसायला गेलं की पाणी नुसतं इकडून तिकडे सरकतं, कारण धाग्यावर त्याचा तेलकट थर बसतो. शेवटी ब्लीच. आणि गंमत म्हणजे ब्लीचने शर्ट पांढरे व्हायचे सोडून पिवळट झाले, बोअरच्या पाण्यात लोखंड असलं की ब्लीचने त्याचा गंज होतो आणि तो कापडावर बसतो, हे मला कोणत्याही बाटलीवर लिहिलेलं दिसलं नाही.

मग एकदा शाळेत केमिस्ट्री शिकवणाऱ्या शेजारणीने एक साधी गोष्ट करायला लावली. रिकाम्या बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी, त्यात साध्या साबणाचा किसलेला कीस (डिटर्जंट वडी नाही हं, साबणच) आणि झाकण लावून हलवायचं. आमच्या बाटलीत फेस आलाच नाही, वर नुसती दह्याच्या निवळीसारखी पांढरी साय तरंगायला लागली, आणि प्यायच्या फिल्टरच्या पाण्याच्या बाटलीत झाकणापर्यंत फेस. म्हणजे पाणी जड. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं. डिटर्जंटची अशी साय होत नाही पण त्याचीही निम्मी ताकद क्षारांशी भांडण्यात जाते, आणि सुटलेला मळ परत कपड्यावरच बसतो. नंतर थेंब टाकून पाण्याचा जडपणा मोजायचं किट मागवलं तर ४६० आलं, लिटरला मिलिग्रॅम. प्यायच्या पाण्याचं जे भारतीय स्टँडर्ड आहे त्यात २०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा सोर्स नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. चालवून घेतोय. (टीडीएस मीटरवाला येऊन आकडा सांगतो तो वेगळा, तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्याचा, त्यात मिठापासून सगळंच येतं, त्यावरून कपड्याचं गणित करू नका.)

आता मी काय करते तर आधी पाण्यात धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे, बादलीला एक मोठा चमचा, ढवळून पाच-दहा मिनिटं ठेवते, मग पावडर आणि तीही पूर्वीपेक्षा कमी. हाताला झोंबतो म्हणून ग्लोव्हज. रेशीम आणि लोकर त्यात अजिबात नाही. टॉवेल अजून पूर्ण माणसात आलेले नाहीत पण शर्ट सुधारले.

आणि एक, भाच्याच्या हळदीनंतर सगळ्यांनी घाईघाईने कुडत्यांना साबण लावला आणि पिवळे डाग लालभडक झाल्यावर रडारड, ब्लीच आणा ब्लीच आणा. अहो साबणाचा खार लागला की हळद लाल होतेच! कुडते नीट धुवून दोन दिवस कडक उन्हात टाकायला लावले, डाग गेले. आईला माहीत होतं हे. आईची नीळही आठवते, फडक्यात बांधलेली पुरचुंडी, आताच्या पावडरीत तेच काम वेगळ्या केमिकलने होतं जे उन्हातली न दिसणारी किरणं घेऊन निळसर उजेड फेकतं, म्हणून तर गरब्यात जांभळ्या लाइटखाली पांढरा शर्ट भुतासारखा चमकतो. तो स्वच्छ असतो असं नाही, पांढरा दिसतो.

माझं खरं म्हणणं पाकिटाबद्दल आहे. माझी भाची म्युनिकला असते, तिथलं पाणीही जड, तिने तिच्या पावडरच्या खोक्याचा फोटो पाठवला तर त्यावर तक्ता, पाणी हलकं मध्यम जड असे तीन कप्पे, आणि कपडे कमी मळलेले की जास्त त्याप्रमाणे किती पावडर घ्यायची ते. शिवाय आत डाग तोडणारं एन्झाईम आहे का, ब्लीच आहे का तेही लिहिलेलं. युरोपात हे कायद्याने छापावंच लागतं. माझ्याकडच्या पाकिटावर काय, तर एक चमचा, दोन चमचे, आणि हसणारी बाई. दादरला एक चमचा आणि वाघोलीला पण एकच कसा? आणि एन्झाईमचं तर लिहायलाच हवं, त्यातलं प्रोटीन तोडणारं एन्झाईम डागातलं दूध-अंडं तोडतं तसं रेशीमही खातं, रेशीम प्रोटीनच आहे. कोणीतरी असल्या लिक्विडमध्ये पैठणी बुडवली की कळेल.

कंपन्या माझं ऐकणार नाहीत, तुमचं कदाचित ऐकतील, म्हणून तुमच्याकडे लिहितेय. पाकिटावर मराठीत पाण्याप्रमाणे माप आणि आत काय आहे ते छापा असं तुम्ही लावून धरलंत तर बरं होईल. ते जमेल तेव्हा जमेल. व्हिनेगरच्या टिपची दुरुस्ती मात्र येत्या रविवारीच द्या, आणि आतल्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, त्याच चौकटीत, त्याच टायपात द्या, कारण मावशींची मुलगी त्यांना तेवढीच चौकट वाचून दाखवते.

आपली,
एक नियमित वाचक,
वाघोली, पुणे